पुण्यात नोकऱ्या वाढतायत म्हणे. मग त्या आहेत कुठे?

पत्र कर्वेनगरहून आलं आहे. लांब आहे, म्हणून थोडं कमी करून देते.

"ताई, नमस्कार. मी मूळची करमाळा तालुक्यातली. बाबांचं गावात कृषी सेवा केंद्र आहे. बार्शीत बी.कॉम. करून पुण्यात एमबीएला आले, आता शेवटचं सेमिस्टर चालू आहे. रोज वाचते की पुण्यात नोकऱ्या वाढतायत, पण आमच्या बॅचमधल्या जवळजवळ निम्म्या मुलांच्या हातात अजून काही नाही. मला दोन ऑफर आहेत. एक खासगी बँकेत रिलेशनशिप ऑफिसरची, पॅकेज ७ लाख २० हजार. दुसरी भोसरीतल्या कारखान्याची, जिथे मी दोन महिन्यांची समर इंटर्नशिप केली. ९० माणसं आहेत, गाड्यांना लागणारे पार्ट बनवतात. तिथे मी उधारीचं एक्सेल शीट बनवलं होतं, कोणतं गिऱ्हाईक किती दिवसांनी पैसे देतं याचं. मालक म्हणतात ते शीट अजून वापरतो, तूच ये. पण पॅकेज ४ लाख ८० हजार. महिन्याला वीस हजारांचा फरक! डोक्यावर ७ लाखांचं शैक्षणिक कर्ज आहे. बाबा म्हणतात बँक ती बँक, मुलगी कारखान्यात कशाला. कॉलेजच्या ४० माजी विद्यार्थ्यांना लिंक्डइनवर मेसेज केले, तिघांनी उत्तर दिलं. मला काही सुचत नाही. काय करू?"

तुझ्या पत्रात तू न मागता एक फार मोलाची गोष्ट केलीस, दोन्ही ऑफर लेटरमधले आकडे खाली उतरवून पाठवलेस. म्हणून आधी ते वीस हजार बघू.

बँकेच्या ७ लाख २० हजारांत २ लाख १६ हजार 'परफॉर्मन्स पे' आहे. टार्गेट पूर्ण झालं तर मिळणार, तेही तिमाहीच्या शेवटी. ते बाजूला ठेव. कंपनीच्या वाट्याचा पीएफ २१,६००, ग्रॅच्युइटी १२,०००, विम्याचा हप्ता १०,४००. हे पैसे पॅकेजमध्ये दिसतात, पण दर महिन्याला हातात पडत नाहीत. उरले ४ लाख ६० हजार, म्हणजे महिन्याला ३८,३३३. त्यातून तुझ्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कराचे २०० गेले की खात्यात ३६,३३३ जमा होतील. आता भोसरी. ४ लाख ८० हजारांतून पीएफचे २१,६०० आणि ग्रॅच्युइटीचे १०,४०० काढ. ४ लाख ४८ हजार, महिन्याला ३७,३३३. तेच दोन हजार वजा कर. ३५,३३३.

फरक एक हजाराचा आहे. ज्या वीस हजारांनी तुझी झोप उडवली त्यातले अठरा हजार पक्क्या पगारात नाहीतच, ते टार्गेटमध्ये आहेत. टार्गेट गाठणाऱ्या मुली असतात आणि त्यांना पूर्ण पैसे मिळतात, हे मला मान्य आहे. पण कर्जाचा हप्ता टार्गेट बघून कापला जात नाही, त्यामुळे हिशोब पक्क्या पगारावरच मांडायचा.

तो हप्ताही मांडून ठेवते. ७ लाख, साडेदहा टक्के, सात वर्षं. हप्ता साधारण ११,८०० बसतो. कोर्स संपल्यावर बहुतेक बँका वर्षभराची सवलत देतात, पण व्याज त्या काळातही चढत असतं. महिन्याला जवळपास ६,१२५. पहिल्या पगारापासून निदान तेवढं व्याज भरत जा, म्हणजे ते मुद्दलात मिसळणार नाही. दोन्ही नोकऱ्यांत हे जमतं. तेव्हा पैशाचा प्रश्न इथे संपला असं धर आणि कामाकडे ये.

नोकऱ्या वाढतायत तर त्या दिसत का नाहीत, हे तू चिडून विचारलं आहेस आणि तुझी चीड बरोबर आहे. नोकऱ्या आहेत. पण कॉलेजच्या खिडकीतून ज्या काचेच्या इमारती दिसतात तिथे तुझ्यासारख्या नवख्या मुलीला थेट दार कमी उघडतं. खराडी, बाणेर, हिंजवडीत परदेशी कंपन्यांनी आपली केंद्रं थाटली आहेत. जगभरच्या शाखांचे हिशोब, खरेदी, ॲनालिटिक्स तिथून चालतं. पण ते बहुतेक वेळा तीन-चार वर्षं काम केलेली माणसं घेतात. कॅम्पसवर येतात ते ठरावीक कॉलेजांत. दुसरी वाढ आहे ती उत्तरेला, भोसरीपासून चाकण, तळेगाव, रांजणगावपर्यंत, आणि ती आजची नाही. १९४६ मध्ये खडकीला किर्लोस्करांचा ऑइल इंजिनांचा कारखाना उभा राहिला, पन्नाशीच्या दशकात पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली. २००९ मध्ये फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना सुरू झाला. अलीकडे तळेगावचा जनरल मोटर्सचा बंद पडलेला कारखाना ह्युंदाईने घेतला. अशी एक मोठी कंपनी आली की तिला पार्ट देणारे येतात, त्यांना पार्ट देणारे येतात, मग त्यांच्याकडून जॉबवर्क घेणारे. मोठ्या कंपनीचं नाव पेपरात छापून येतं. ही मागची साखळी छापून येत नाही. तुझा भोसरीचा कारखाना त्या साखळीत तिसऱ्या कडीला आहे, आणि एमबीए झालेल्या माणसाची खरी टंचाई तिथेच आहे. कारण तिथे मालकच सकाळी मशीनवर असतो, दुपारी गिऱ्हाइकाच्या परचेसमध्ये बसतो आणि रात्री जीएसटीचं बघतो.

मी स्वतः फलटणहून आले, १९९६ मध्ये अशाच एका कारखान्यात लागले. नाव सांगत नाही. पहिल्या आठवड्यात मला एक टेबल दिलं आणि काम दिलं नाही. टेबलाचा खालचा खण ओढला तर घट्ट बसलेला. जोर लावून उघडला. आत डेबिट नोटांचा, म्हणजे बिलातून पैसे कापल्याच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा, पिवळे पडलेले कागद, वर टाचणीचा गंज. गिऱ्हाईक माल रिजेक्ट करून पैसे कापून घेत होतं आणि दीड वर्षात कुणी त्या जुळवल्या नव्हत्या. स्टोअरला एक मामा होते, सातवी शिकलेले. मी गठ्ठा घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी कपाटावरून आवक रजिस्टर काढलं, बोटाला थुंकी लावून पान उलटलं आणि म्हणाले, "पोरी, यातला निम्मा माल परत आलेलाच नाय." पैसे कापले होते, पण कापलेल्या मालाचा तुकडाही आमच्या गेटमधून आत आला नव्हता. तीन आठवडे आम्ही दोघं एकेक चलान लावत बसलो. कॉस्टिंग मला कॉलेजात शिकवलं होतं, ते कळलं त्या कपाटापाशी.

पुढची सव्वीस वर्षं मी खरेदी विभागात काढली, मोठ्या कंपनीत काढली, आणि दर मुलाखतीत मला त्या खणाबद्दल विचारलं गेलं.

तुझं उधारीचं शीट हा तुझा खण आहे. तू ते एका ओळीत लिहून पुढे गेलीस, म्हणून मी इथे जरा थांबते. तुझ्या मालकाचे पैसे गिऱ्हाइकाकडे ७०, ९० दिवस अडकत असतील, तर मालकांच्याच बाजूने कायदा आहे हे त्यांना ठाऊक आहे का? २००६ च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योगांच्या कायद्यात लिहिलंय की लेखी करार असला तरी पैसे ४५ दिवसांच्या आत द्यायचे आणि करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर केला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागू होतं. आणि १ एप्रिल २०२४ पासून आयकरानेही हा मुद्दा धरला. सूक्ष्म किंवा लघू उद्योगाचे पैसे खरेदीदाराने त्या मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च त्याला त्या वर्षी वजा मिळत नाही. प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी मिळतो. त्यामुळे मार्च जवळ आला की मोठ्या कंपन्यांचे अकाउंट्सवाले आपणहून फोन करून 'तुमचा उद्यम नोंदणीचा दाखला पाठवा' म्हणतात. (उद्यम म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी.) मालकांच्या बिलावर उद्यम नोंदणीचा क्रमांक छापलेला आहे का, एवढं आधी बघ. टीआरईडीएस नावाची व्यवस्था आहे, तिथे मोठ्या कंपनीने मान्य केलेलं बिल चढवलं की बँका त्यावर बोली लावतात आणि लहान कारखान्याला पैसे लवकर मिळतात. तुझ्या शीटमध्ये ४५ दिवसांचा एक रकाना वाढव आणि कोणती बिलं तिकडे नेता येतील ते लिहून मालकांपुढे ठेव.

एक मात्र सांभाळ. कायदा हातात आहे म्हणून मोठ्या गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी व्याजाची नोटीस धाडायची नसते. पुढच्या महिन्यात तुमच्याकडून किती माल घ्यायचा ते त्याच्याच हातात असतं. कुणाला फोन करायचा, कुणाला पत्र द्यायचं आणि कुणाकडे मालकांनी स्वतः चहाला जायचं, हे ठरवणं हेच तुझं काम असेल. आणि हे काम वर्षभर केलेल्या मुलीला उद्या खराडीतली कंपनी मुलाखतीला बोलावते तेव्हा तिच्याकडे बोलायला काहीतरी असतं.

आता कारखान्याची दुसरी बाजू. ती लपवली तर मी तुला फसवल्यासारखं होईल. लहान कारखान्यात मालक चांगला तर सगळं चांगलं. तो चिडका निघाला तर तक्रार करायला दुसरी खोली नसते. तू दोन महिने आत राहिलीस, त्यामुळे बरंच तुला माहीत आहे, तरी हो म्हणण्याआधी मशीनवर काम करणाऱ्या दोन माणसांना चहाच्या टपरीवर गाठून विचार की पगार कितव्या तारखेला होतो आणि दिवाळीच्या आधीच्या महिन्यात कितव्या तारखेला झाला. नेमणूकपत्र लेखी घे. पीएफ पहिल्या महिन्यापासून भरणार ना, पगाराची स्लिप देणार ना, हे स्पष्ट विचार. यात संकोच नको. मूळ मार्कशीट किंवा पदवीचं प्रमाणपत्र कुणी ठेवून घेतो म्हणाला तर तिथून उठून ये, मग तो कितीही गोड बोलत असो. दोन वर्षांच्या बाँडवर सही करू नकोस. आणि मालकांना एक प्रश्न विचार: "सहा महिन्यांनी कोणती गोष्ट तुम्ही मला न विचारता ठरवणार नाही?" त्यांनी थोडा विचार करून 'वसुली' किंवा 'अमुक गिऱ्हाइकाचे रेट' असं काही नेमकं सांगितलं तर ठीक. 'सगळंच बघायचं गं तुला' असं उत्तर आलं तर समज की काम अजून त्यांच्या डोक्यात ठरलेलं नाही. मग तूच एका पानावर लिहून ने.

बँकेच्या ऑफरबद्दल. विक्रीच्या कामाला मी कमी लेखत नाही. अनोळखी माणसाच्या दारात उभं राहून बोलायची भीती ज्याची गेली तो कुठेही उभा राहतो. पण ऑफर लेटरच्या वर कुणाचं नाव आहे ते नीट वाच. बँकेचं आहे, की बँकेला माणसं पुरवणाऱ्या दुसऱ्या कंपनीचं? बाबांच्या मनात 'बँकेतली नोकरी' म्हणजे परीक्षा देऊन लागलेली, टेबलामागची, निवृत्तीपर्यंतची. तुला मिळते आहे ती खाती उघडण्याची, विमा आणि म्युच्युअल फंड विकण्याची. दोन्ही प्रामाणिक कामं आहेत, पण वेगळी आहेत, आणि बाबांना तो फरक कुणी सांगितलेला नाही.

बाबांशी बोलताना पुण्याचं काही सांगू नकोस, त्यांच्या दुकानाचं सांग. शेतकरी त्यांच्याकडून खत, औषधं उधारीवर नेतो आणि उसाचं बिल आलं की देतो. साखर कारखान्याने ऊस ताब्यात घेतल्यापासून १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, द्यायची असं १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. आणि ते १४ दिवस किती लांबतात हे करमाळ्याच्या कृषी सेवा केंद्रवाल्याइतकं कुणाला कळणार? कारखान्याने शेतकऱ्याचं बिल थकवलं की शेतकऱ्याकडून बाबांचं थकतं, आणि बाबांकडून खतकंपनीच्या डीलरचं. भोसरीत अगदी हेच आहे, फक्त उसाच्या जागी लोखंडी पार्ट आहेत. तू जे शीट बनवलंस ते बाबा आयुष्यभर डोक्यात ठेवत आले आहेत. ते त्यांना दाखव. मला वाटतं, नोकरीबद्दल जे वीस मिनिटं समजावून पटणार नाही ते त्या शीटवर पाच मिनिटांत पटेल.

'मुलगी कारखान्यात कशाला' या वाक्यामागे बहुधा जाण्यायेण्याची काळजी आहे, आणि ती खोटी नाही. कर्वेनगरहून रोज भोसरी म्हणजे नळस्टॉपला मेट्रो, सिव्हिल कोर्टला बदलून नाशिक फाटा, पुढे बस किंवा शेअर रिक्षा. पावसाळ्यात हा प्रवास दमवतो. माझं ऐकशील तर इंद्रायणीनगरकडे दोघी-तिघींनी मिळून खोली बघा. महिनाअखेरीला डिस्पॅच असतं, तेव्हा उशीर होणार. त्या दिवशी सोडायला गाडी मिळेल का, हे आधी ठरवून घे आणि नेमणुकीच्या मेलमध्ये लिहून घे.

राहिले माजी विद्यार्थी. तू पाठवलेला मेसेजही पत्रात दिला आहेस: 'आदरणीय सर, मी एमबीएची विद्यार्थिनी असून आपल्या नामांकित संस्थेत योग्य संधीच्या शोधात आहे, कृपया रेफर करावे.' यात तू कुठेच नाहीस गं. असा मेसेज त्यांना आठवड्यात दहा जणांकडून येतो, आणि रेफर करणं म्हणजे स्वतःचं नाव पणाला लावणं. न पाहिलेल्या मुलीसाठी ते कोण करेल? असं लिहून बघ: 'सर, मी आपल्याच कॉलेजची, यंदाच्या बॅचची. भोसरीत एका कारखान्यात दोन महिने उधारीचं काम केलं. लहान सप्लायरची बिलं ४५ दिवसांत निघावीत म्हणून तुमच्याकडे काय बदललं, एवढंच समजून घ्यायचं आहे. पंधरा मिनिटं फोनवर मिळतील का?' नोकरी मागू नकोस, त्यांच्या कामाबद्दल विचार. स्वतःच्या कामाबद्दल बोलायला माणसाला आवडतं. आणि ज्या तिघांनी उत्तर दिलं त्यांना, काय ठरवलंस ते महिन्याभरात कळव. बहुतेक मुलं हे विसरतात. भोसरीत काम करणारा कुणी असेल तर गुरुवारी फोन कर, तेव्हा तिकडे सुट्टी असते आणि माणूस निवांत बोलतो.

इथे मला उत्तर न दिलेल्या त्या सदतीस जणांशीही दोन शब्द बोलायचे आहेत, कारण त्यातले काही हे सदर वाचत असणार. तुम्हाला वेळ नसतो हे मी जाणते. पण तुम्ही शेवटच्या सेमिस्टरला होता तेव्हा कॅन्टीनमध्ये बसून हेच करत होता, कुणाच्या तरी उत्तराची वाट बघत. रेफरन्स देता येत नसेल तर 'आमच्याकडे फ्रेशर घेत नाहीत, अमुक सॉफ्टवेअर शीक, दोन वर्षांनी मेसेज कर' एवढं लिहिलं तरी त्या मुलीचे दोन महिने वाचतात. आणि लहान कारखान्यात तुमची ओळख असेल तर तिथल्या मालकाला एक इंटर्न घ्यायला सांगा. हिच्या बॅचमधल्या बऱ्याच मुलांना पहिलं दार तिथूनच उघडेल.

माझं मत आता तुला कळलंच असेल. मालकांनी पगाराच्या तारखेबद्दल आणि कामाबद्दल सरळ उत्तरं दिली तर भोसरी घे, दोन वर्षांसाठी. दोन वर्षांत काय काय हाताखालून गेलं ते वहीत लिहीत जा, आकड्यांसकट: किती दिवसांची उधारी किती दिवसांवर आली. उत्तरं गोलमोल आली तर बँक घे, त्यात कमीपणा काही नाही. पण दोन्हीकडे हो म्हणून ठेवू नकोस. तुमच्या प्लेसमेंट सेलचा नियम असतोच, एक ऑफर घेतली की दुसरीला बसता येत नाही. आणि ऐनवेळी मुलगी आली नाही की पुढच्या वर्षी ती कंपनी आपल्या यादीतून कॉलेजचं नाव काढते. बँकेला नाही म्हणायचं असेल तर याच आठवड्यात म्हण. तुझ्याच बॅचमध्ये रिकाम्या हातांनी बसलेली कुणीतरी आहे, ती जागा तिला मिळू दे.

आणि बाबांना एकदा भोसरीला घेऊन ये. प्रेस मशीन चालू असताना त्यांना तिथे उभं कर, मग मालकांच्या केबिनमध्ये बसव. दोघंही उधारीत मुरलेले, त्यांचं जमेल. फक्त गुरुवारी आणू नकोस, गेटला कुलूप असेल.